टाचणी

रात्री बातम्या संपल्या की
मी पाट ओढतो, चष्मा पुसतो
आणि म्हणतो, आण.
प्रयागला अजून अवघड वाटतं.
पाय पुढं करताना ती पदर सारखा करते,
जसा दारात पाहुणाच उभा आहे.
"नवऱ्याच्या मांडीवर पाय! कुठं फेडावं हे?"
ते नंतर बघू. बोटं पसर.

बेचाळीस वर्षं वसमतच्या मोंढ्याजवळ मशीन चालवली.
छाती, कंबर, बाही, मुंडा,
अर्ध्या गावाची मापं तोंडपाठ.
पण पायजम्याच्या मोहरीशी शिंप्याचं काम संपतं.
त्याच्या खाली काय असतं
ते एकाहत्तराव्या वर्षी शिकतोय.

सरकारी दवाखान्यात नसरीन सिस्टरनं
तिला डोळे मिटायला लावले
आणि तंगुसासारखा एक धागा
तळव्याला दहा जागी टेकवला.
टेकला की सांगा, आजी.
धागा वाकत होता, मी बघत होतो.
प्रयाग गप्प.
शेवटी तिनंच विचारलं,
"सुरू कधी करायलीस, बाई?"

धाग्यावर पोट भरलं मी.
त्या दिवशी धाग्याची भीती वाटली.

याच पायांनी तिनं हळदीचे हंगाम काढले.
शिवरात्र ते पाडवा, कढईची धग, वाफ,
वाळवणात अनवाणी फिरून हळकुंडं परतायची.
टाचा पिवळ्या, चादर पिवळी.
लग्नाची हळद उतरलीच नाही तुझी, मी चिडवायचो.
आता सिस्टर म्हणते, जखमेत हळद भरायची नाही.
चुना नाही, बिब्बा तर नाहीच.
वसमतमधे हे बोलायला छाती लागते.

मागच्या भादव्यात
नातीच्या झग्याची शिवण उसवत बसलो होतो.
त्या रात्री डाव्या अंगठ्याखाली काहीतरी चमकलं.
बॅटरी जवळ नेली.
टाचणी.
माझ्याच डबीतली, गोल डोक्याची,
डोक्यापर्यंत आत.
ती घेऊन बाई दुपारभर हिंडली होती:
नळावर, गिरणीत,
कौसाबाईकडे मेतकूट मागायला.
"दुखलं नाही?"
"कुठं काय."
तिला खरंच माहीत नव्हतं
मी कामून रडायलो ते.

सकाळच्या पहिल्या रिक्षानं दवाखाना.
अकरा दिवस पट्टी. पाय राहिला.
शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांचा राहिला नव्हता.
ते चादरीच्या त्या सपाट जागेकडे बघत
आम्हाला म्हणाले, रोज बघत जा हो.

डबीत साठ टाचण्या. काम संपलं की पुन्हा साठ.
एकोणसाठ भरल्या तर जेवण नाही,
लोहचुंबक घेऊन सगळी फरशी पालथी घालतो.
घरातसुद्धा चप्पल. घालायच्या आधी झटकायची,
आत हात फिरवून बघायचा.
एकदा चिंचोका निघाला, एकदा तुरीची काडी.

पाणी कोमट. आधी माझ्या कोपराला,
मग तिच्या पायाला.
बोटांच्या बेचक्या मलमलीच्या चिंधीनं टिपून कोरड्या.
खोबरेल टाचेला, बेचक्यांत थेंबही नाही.
नखं सरळ, पट्टी लावून कापल्यासारखी.
गोलाई गळ्याला द्यावी, नखाला नाही.
करंगळीजवळचा घट्टा ब्लेडनं तासावा वाटतो,
शिंप्याचा हात शिवशिवतो,
पण तो सिस्टरचा प्रांत.

मी बाहेरगावी असलो तर
दुकानातला जुना आरसा जमिनीवर टेकवून
ती स्वतःच तळवे बघते.
ज्या आरशात नवरदेव वळून वळून
कोटाची पाठ बघायचे, त्यात.
म्हणते, चेहरा येवढा कधी बघितला नाही मी.

सगळं झालं की मी म्हणतो, डोळे मीट.
सिस्टरसारखं विचारतो, टेकलं का?
"टेकलं," ती म्हणते, लगेच, हसून.

बोट माझं अजून हवेतच असतं.